कमी जीपीए, अमेरिकेतलं मेडिकल आणि 'वाया जाणारं' वर्ष

अमेरिकेतल्या आमच्या मंडळाच्या गणपतीत आरती संपून प्रसादाची रांग लागली, की एखाद्या काकू मला चपलांच्या ढिगाऱ्यापाशी गाठतात. आवाज खाली आणून म्हणतात, "तू डॉक्टर झालीस ना गं? आमच्या धाकट्याचा जीपीए जरा कमी आलाय." जीपीए, म्हणजे कॉलेजच्या ग्रेडची सरासरी, चारपैकी मोजतात. हे 'जरा' म्हणजे किती, ते दोन-तीनदा विचारल्यावर कळतं. कधी ३.१, कधी २.९, एकदा तर २.६. पुढचं वाक्य ठरलेलं असतं: "पण त्याचं वर्ष वाया जायला नको."

काकूंना मी दरवेळी हेच सांगते, की एक वर्ष वाया जाऊ द्या. जमलं तर दोन.

२०१४ मध्ये पदवी घेतली तेव्हा माझा स्वतःचा जीपीए २.८७ होता. ऑर्गॅनिक केमिस्ट्रीत सी-मायनस, फिजिक्सच्या दुसऱ्या भागात डी. वर्ष वाया जाऊ नये म्हणून पुढच्याच उन्हाळ्यात घाईघाईने एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, दिली, ४९७ पडले आणि तरीही ऑगस्टमध्ये सतरा ठिकाणी अर्ज केले. मुलाखतीचं एकही बोलावणं आलं नाही. त्यात वर्ष गेलंच, शिवाय बाबांचे काही हजार डॉलरही गेले. २०१७ मध्ये पुन्हा अर्ज केला, तीन मुलाखती आल्या, एका ठिकाणी प्रवेश मिळाला. २०१८ मध्ये, सव्विसाव्या वर्षी, मी डीओच्या (एमडीसारखीच डॉक्टरकीची दुसरी पदवी) पहिल्या वर्षात बसले. आज फॅमिली मेडिसिन करते. खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी आधी चुकीच्या क्रमाने करून पाहिलेलं आहे.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात: इथे बारावीनंतर थेट एमबीबीएस नसतं. आधी चार वर्षांची पदवी, मग चार वर्षांचं मेडिकल स्कूल, मग रेसिडेन्सी, म्हणजे हॉस्पिटलातलं प्रशिक्षण. प्रवेश एका परीक्षेच्या क्रमांकावर मिळत नाही. पदवीचे गुण, एमकॅट, रुग्णांजवळ घालवलेले तास, निबंध, शिफारसपत्रं आणि मुलाखत असं सगळं पाहतात. दरवर्षी एमडीसाठी (इथे ही डॉक्टरकीची पहिलीच पदवी) साधारण बावन्न हजार अर्जदार असतात आणि जागा तेवीस हजारांच्या आसपास. प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी जीपीए ३.७७ च्या आगेमागे, एमकॅट ५१२ च्या जवळ. डीओ स्कूलांत हेच आकडे ढोबळमानाने ३.६ आणि ५०४. पण ही सरासरी आहे, कटऑफ नव्हे. एएएमसी ही मेडिकल कॉलेजांची संघटना दरवर्षी जीपीए आणि एमकॅटचा एक तक्ता प्रसिद्ध करते. त्यात ३.० च्या खालच्या ओळींतही प्रवेश मिळालेले विद्यार्थी असतात. थोडे असतात, पण असतात.

आधी खरा आकडा काढा

कॉलेजच्या पोर्टलवर दिसणारा जीपीए आणि मेडिकल स्कूलला दिसणारा जीपीए एकच असेल असं नाही. एमडीचे बहुतेक अर्ज जिथून जातात ती ॲमकास ही सेवा तुमचा जीपीए स्वतः नव्याने मोजते. तुम्ही आयुष्यात ज्या ज्या कॉलेजात क्रेडिट (कोर्सच्या तासांचं एकक) घेतलंत, त्या सगळ्यांची ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणपत्रकं, मागते. हायस्कूलमध्ये असताना कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं स्थानिक कॉलेज) ड्युएल एन्रोलमेंटमधून एखादा कोर्स केला असेल आणि त्यात सी आला असेल, तर तोही धरला जातो. आईबाबांना हे ऐकून हमखास धक्का बसतो.

एखादा विषय पुन्हा घेऊन ए मिळवला तर तुमचं कॉलेज जुना ग्रेड पुसून टाकेल, पण ॲमकास दोन्ही मोजतं. डीओ स्कूलांच्या अर्जात पूर्वी जुन्या ग्रेडची जागा नवा ग्रेड घेत असे. त्या आशेवर मी ऑर्गॅनिक पुन्हा घेतलं, ए मिळवला, आणि ज्या वर्षी माझा अर्ज तयार झाला त्याच वर्षी, २०१७ मध्ये, ती सोय बंद झाली. आजही जुने सल्ले वाचून लोक त्या भरवशावर बसतात, म्हणून मुद्दाम सांगते.

स्प्रेडशीट उघडा आणि प्रत्येक कोर्स एका ओळीत टाका. क्वार्टर पद्धतीचं कॉलेज असेल तर क्रेडिटला दोन तृतीयांशाने गुणा. मग दोन आकडे काढा: एक सगळ्या विषयांचा, दुसरा फक्त बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचा. मेडिकल स्कूल दुसऱ्याकडे जास्त रोखून बघतं. तिसरा एक स्तंभ माझ्या सांगण्यावरून करा: सेमिस्टरनिहाय जीपीए. पहिल्या वर्षी २.४ आणि शेवटच्या वर्षी ३.७ असलेला विद्यार्थी, आणि चारही वर्षं सरळ रेषेत ३.० असलेला विद्यार्थी, यांचा शेवटचा आकडा सारखा आला तरी प्रवेश समितीला ती दोन वेगळी माणसं दिसतात.

आता गणित. १२० क्रेडिट, जीपीए २.८७. यावर ३० क्रेडिट घेऊन सगळ्यात ए मिळवला तरी एकूण येतो ३.१०. ६० क्रेडिट, म्हणजे पूर्णवेळ दोन वर्षं, सगळ्यात ए, तरी ३.२५. मी हे पहिल्यांदा मोजलं तेव्हा रडू आलं होतं. पण याच गणिताने एक गोष्ट स्पष्ट केली: जुना आकडा वर ओढत बसायला आयुष्य पुरणार नाही. त्या आकड्याशेजारी एक नवा, वेगळा, निर्विवाद आकडा उभा करायचा. 'शेवटची ३५ क्रेडिट, सगळी विज्ञानाची, जीपीए ३.९' हा तो आकडा. काही स्कूल शेवटची तीस-बत्तीस क्रेडिट वेगळी काढून बघतात आणि तसं त्यांच्या संकेतस्थळावर लिहितात. अशा स्कूलांची नावं आत्तापासून टिपून ठेवा.

टेक्सासचे रहिवासी असाल आणि जुने गुण दहा वर्षांपेक्षा जास्त जुने असतील, तर तिथे ॲकॅडमिक फ्रेश स्टार्ट नावाचा कायदा आहे. त्या जुन्या क्रेडिटकडे तिथल्या सरकारी विद्यापीठांना दुर्लक्ष करावं लागतं. मात्र त्या काळातली चांगली क्रेडिटही सोबत जातात, निवडून वगळता येत नाहीत. तिशीनंतर मेडिकलकडे वळणाऱ्यांसाठी ही फार मोठी सवलत आहे.

गुण का पडले, हे लिहून काढा

ही पायरी सगळे उड्या मारून ओलांडतात. पुढचा कोर्स, पुढची फी, पुढचं सेमिस्टर, आणि पुन्हा बी-मायनस. दुरुस्तीच्या काळात आलेला बी-मायनस हा पहिल्या वर्षातल्या डीपेक्षा वाईट, कारण आता 'लहान होतो' म्हणता येत नाही.

माझं कारण शोधायला मला एक वर्ष लागलं. चौदाव्या वर्षी नाशिकहून इथे आले तेव्हा अभ्यास म्हणजे धडा चार वेळा वाचायचा, अधोरेखित करायचा आणि उत्तरं पाठ करायची, एवढंच माहीत होतं. हायस्कूलपर्यंत ते चाललं. ऑर्गॅनिकमध्ये न पाहिलेला रेणू समोर आला की पाठांतर कोलमडायचं. प्राध्यापकांच्या ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका विचारायच्या वेळेला, मी दोन वर्षांत एकदाही गेले नाही, कारण आपलं इंग्रजी ऐकून ते काय म्हणतील ही धास्ती. वर एका सेमिस्टरला १८ क्रेडिट, कारण ओळखीतली सगळी मुलं तेवढीच घेत होती.

तुमचं कारण वेगळं असेल. घरात आजारपण, नोकरी करून शिक्षण, इंजिनीअरिंगमधली चुकलेली दोन वर्षं, नैराश्य, वेळेवर निदान न झालेलं एडीएचडी. शेवटच्या दोन गोष्टींबद्दल आपल्या घरांत 'मनावर घेऊ नकोस' म्हणून विषय संपतो. संपवू नका, डॉक्टरांकडे जा. कारण दुरुस्त झाल्याशिवाय नवा कोर्स घेणं म्हणजे गळक्या बादलीत पाणी भरणं.

आणि तुम्ही अजून कॉलेजातच असाल, गुण आत्ता घसरत असतील, तर क्रेडिट कमी करा. मुदतीच्या आत कोर्स सोडला तर ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू लागतो. तो जीपीएमध्ये धरत नाहीत. एक-दोन डब्ल्यू कुणी विचारतही नाही, एक एफ मात्र कायम बोलत राहतो.

नवा पुरावा कुठे उभा करायचा

इथे तीन वाटा आहेत आणि पैशांचा फरक प्रचंड आहे.

सगळ्यात स्वस्त वाट म्हणजे जवळच्या सरकारी विद्यापीठात नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणून नाव घालून एकेक कोर्स घेणं. याला लोक 'घरगुती पोस्टबॅक' (पदवीनंतरचे कोर्स) म्हणतात. मी हेच केलं. ही क्रेडिट पदवीपूर्व धरली जातात, म्हणजे जीपीए थोडा का होईना, वर सरकतो. पहिल्या सेमिस्टरला दोनच कोर्स घ्या. दोन्हीत ए आला तर पुढच्या वेळी तीन, मग चार. शेवटी किमान एक सेमिस्टर पूर्ण वजनाचं झालं पाहिजे, नाहीतर 'हा एका वेळी दोनच विषय पेलतो' असा अर्थ निघतो.

काय पुन्हा घ्यायचं? आवश्यक विषयात सी-मायनस किंवा खाली असेल तर तो पुन्हा घ्या, बहुतेक स्कूलांना किमान सी लागतो. सी किंवा बी-मायनस असेल तर त्याच विषयाच्या मागे लागू नका. पुढच्या पायरीचं काही घ्या: बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, सेल बायॉलॉजी, इम्युनॉलॉजी, जेनेटिक्स. बायोकेमिस्ट्रीतला ए हा जनरल केमिस्ट्रीतल्या जुन्या सीचं उत्तर असतो. कम्युनिटी कॉलेज चालतं का, असं प्रत्येक जण विचारतो. एक-दोन कोर्स चालतात. पण ज्याला आपण आता बदललो आहोत हे सिद्ध करायचं आहे, त्याने बराचसा भाग चार वर्षांच्या विद्यापीठातच करावा असं माझं मत आहे.

दुसरी वाट औपचारिक पोस्टबॅक कार्यक्रमांची. एएएमसीच्या संकेतस्थळावर त्यांची शोधता येण्यासारखी यादी आहे. त्यात दोन जाती असतात. एक कला-वाणिज्यातून विज्ञानात येणाऱ्यांसाठी, दुसरी गुण सुधारणाऱ्यांसाठी. तुम्हाला दुसरी हवी. अर्ज करताना ही गल्लत फार होते.

तिसरी वाट स्पेशल मास्टर्स, ज्याला सगळे एसएमपी म्हणतात. जॉर्जटाउन आणि बॉस्टन युनिव्हर्सिटीचे कार्यक्रम यात जुने आणि नावाजलेले. एक-दोन वर्षं तुम्ही मेडिकलच्या पहिल्या वर्षासारखे, काही ठिकाणी चक्क त्याच विद्यार्थ्यांसोबत, विषय शिकता. चांगले गुण मिळाले तर याहून भारी पुरावा नाही. पण ही दुधारी सुरी आहे. हा जीपीए पदव्युत्तर म्हणून वेगळ्या रकान्यात जातो, त्यामुळे तुमचा २.८७ हा २.८७ च राहतो. ३.० च्या खाली असलेले अर्ज संगणकच बाजूला टाकतो अशा स्कूलांत मग एसएमपीचा ३.९ कुणी बघतही नाही. म्हणून ज्यांचा आकडा ३.० च्या खाली आहे त्यांनी आधी पदवीपूर्व क्रेडिट घेऊन ती रेघ ओलांडावी. आणि एसएमपीत गुण कमी पडले, तर दार जवळजवळ बंद होतं. शेवटचं पान म्हणून ठेवायची ही गोष्ट आहे.

पैशाचंही बघा. १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस हे फेडरल (केंद्र सरकारी) कर्ज बंद. साध्या मास्टर्ससाठी फेडरल कर्जाची मर्यादा वर्षाला २०,५०० डॉलर, आणि मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला वर्षाला ५०,००० व एकूण २,००,०००. उरलेलं खासगी कर्जातून किंवा घरातून. एसएमपीवर साठ-सत्तर हजार घालण्याआधी बाबांसोबत कागदावर हिशोब मांडा.

व्हिसाबद्दल एक परिच्छेद, कारण आपल्याकडे हा प्रश्न घरोघरी आहे. एच-४ वरची, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसावर अवलंबून असलेली, मुलं एकविसाव्या वर्षी त्या छत्रीतून बाहेर पडतात आणि एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जातात. एफ-१ वर सुटे दोन कोर्स घेत बसता येत नाही, पूर्णवेळ कार्यक्रमातच असावं लागतं. म्हणजे घरगुती पोस्टबॅकची स्वस्त वाट त्यांना बहुधा बंद, आणि एसएमपी किंवा औपचारिक कार्यक्रम उरतो. त्यात भर म्हणजे ग्रीनकार्ड नसलेल्यांना घेणारी मेडिकल स्कूलं मोजकीच, फेडरल कर्ज नाही, आणि काही स्कूल एक ते चार वर्षांची फी आगाऊ एस्क्रोत (तिऱ्हाईताच्या राखीव खात्यात) ठेवायला सांगतात. माझं ग्रीनकार्ड एकोणिसाव्या वर्षी आलं, त्यात माझं कर्तृत्व शून्य. तुमचं आलं नसेल तर शाळांची यादी करताना पहिला चाळणीचा प्रश्न हाच ठेवा.

एमकॅट: 'देऊन तर बघू' हे इथे चालत नाही

गुण ४७२ ते ५२८ मध्ये मिळतात, चार भाग, प्रत्येकी ११८ ते १३२. सकाळी गेलेला माणूस दुपार टळल्यावर बाहेर येतो, मधल्या सुट्ट्या धरून साडेसात तास. एका वर्षात तीनदा, सलग दोन वर्षांत चारदा आणि आयुष्यात सातदाच ही परीक्षा देता येते. प्रत्येक प्रयत्नाचे गुण स्कूलला दिसतात. सीईटीसारखं 'या वर्षी सराव म्हणून' असं इथे नसतं. माझे ४९७ दुसऱ्या अर्जातही माझ्यासोबत आले. दुसऱ्यांदा ५०९ मिळाले तेव्हा मुलाखतीत पहिलाच प्रश्न आला, या दोन परीक्षांच्या मध्ये काय बदललं?

एमकॅट द्यायची ती दुरुस्तीच्या कोर्सनंतर, आधी नाही. बायोकेमिस्ट्री आणि फिजिऑलॉजी ताजी असताना अर्धा अभ्यास झालेला असतो. तीन ते सहा महिने घ्या. एएएमसीचे स्वतःचे पूर्ण लांबीचे सराव पेपर शेवटच्या सहा आठवड्यांसाठी राखून ठेवा, ते खऱ्या परीक्षेच्या सगळ्यात जवळ असतात. त्यातल्या शेवटच्या तीन पेपरांची सरासरी तुमच्या लक्ष्याला टेकत नसेल तर तारीख पुढे ढकला. ढकलण्याचे पैसे पडतात, पण वाईट गुण त्याहून महाग पडतात.

कमी जीपीएवाल्याचं लक्ष्य किती असावं? ज्या स्कूलमध्ये जायचंय त्याच्या सरासरीइतकं तरी, एमडीसाठी शक्यतो थोडं वर. आणि वाचनाच्या विभागाकडे, म्हणजे कार्सकडे, दुर्लक्ष करू नका. आपली मुलं विज्ञानाचे तीन विभाग घासूनपुसून करतात आणि इथे १२२ वर अडकतात. या विभागात पाठांतराला काही नाही. रोज दोन उतारे, सहा महिने, हाच एक उपाय मला माहीत आहे.

रुग्णांजवळ बसा

गुण कमी असणाऱ्याने अनुभवात उणं राहून चालत नाही. स्क्राइब, मेडिकल असिस्टंट, ईएमटी (रुग्णवाहिकेतला मदतनीस), नर्सिंग असिस्टंट, यातलं पगाराचं काम मिळालं तर उत्तम. मी दीड वर्ष आपत्कालीन विभागात स्क्राइब होते. डॉक्टर बोलतात, आपण टाइप करतो. पगार बेताचा, पाय दुखतात, पण डॉक्टर विचार कसा करतात ते कानाने शिकायला मिळतं. हॉस्पिसमधलं (शेवटच्या आजारातल्या रुग्णांजवळचं) स्वयंसेवी काम ज्यांना झेपतं त्यांनी जरूर करावं. शॅडोइंग, म्हणजे डॉक्टरांमागे फिरून नुसतं बघणं, थोडं पुरतं, पन्नास तास झाले की बास. त्यात एक तरी डीओ डॉक्टर असू द्या, कारण काही डीओ स्कूलांना डीओचं पत्र लागतं.

एक इशारा खास आपल्यासाठी. उन्हाळ्यात कोल्हापूर किंवा सोलापूरला काकांच्या हॉस्पिटलात महिनाभर राहिलो, काकांनी टाके घालू दिले, असं अर्जात अभिमानाने लिहिणारी मुलं मी पाहिली आहेत. समितीला त्यात उत्साह दिसत नाही. प्रशिक्षण नसताना परक्या माणसाच्या कातडीत सुई घालणारा मुलगा दिसतो. भारतात जाऊन बघा, ऐका, आजीच्या वयाच्या बाईला ओपीडीत रांगेत हात धरून बसवा, त्यावर लिहा. सुईला हात लावू नका.

एमडी की डीओ

मंडळात अजूनही विचारतात, "डीओ म्हणजे खरे डॉक्टर का?" हो. ही परंपरा अँड्र्यू टेलर स्टिल यांनी १८९२ मध्ये मिसुरीतल्या कर्कस्व्हिल इथे काढलेल्या शाळेपासूनची. पन्नासही राज्यांत पूर्ण परवाना, शस्त्रक्रियेसकट. अभ्यासक्रम तोच, वर हाडा-स्नायूंवर हाताने करायच्या उपचारांचे साधारण दोनशे तास. २०२० पासून एमडी आणि डीओंच्या रेसिडेन्सीची मान्यता एकाच संस्थेखाली आली. २०२४ च्या मॅचमध्ये, म्हणजे रेसिडेन्सीच्या जागावाटपात, अमेरिकन एमडी विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९३ टक्क्यांना आणि डीओंपैकी सुमारे ९२ टक्क्यांना जागा मिळाली. फरक आहे तो अतिस्पर्धेच्या शाखांत, न्यूरोसर्जरी, त्वचारोग, प्लास्टिक सर्जरी यांत डीओंना चढ जास्त. शिवाय डीओंची कॉमलेक्स ही परवाना परीक्षा वेगळी असते आणि बरेच जण एमडींची यूएसएमएलईही देतात, म्हणजे दुहेरी परीक्षा. कमी जीपीएवाल्याने दोन्हीकडे अर्ज करावा. 'आधी एमडी बघू, नाही झालं तर पुढच्या वर्षी डीओ' ही ताठ मान मला पटत नाही.

यादी वीस-पंचवीस स्कूलांची. पहिलं नाव आपल्या राज्यातल्या सरकारी स्कूलांचं, कारण त्या रहिवाशांना झुकतं माप देतात. टेक्सासच्या सरकारी स्कूलांत तर बाहेरच्यांसाठी फार तर दहा टक्के जागा. एएएमसीच्या एमएसएआर या ऑनलाइन माहितीसंचात प्रत्येक स्कूलच्या प्रवेश मिळालेल्यांचे आकडे असतात. त्यात नुसता मध्यक पाहू नका, खालचे दहा टक्के बघा, तिथे तुमच्यासारखे किती ते दिसतं. डीओंसाठी तसंच चूज डीओ एक्सप्लोरर आहे. पहिल्या स्कूलला साधारण पावणेदोनशे डॉलर, पुढच्या प्रत्येकीला पंचेचाळीसच्या वर, मग दुय्यम अर्जांची (प्रत्येक स्कूल स्वतंत्र मागवतं ते) वेगळी फी. पंचवीस स्कूल म्हणजे तीन-चार हजार डॉलर सहज जातात. उत्पन्न कमी असेल तर एएएमसीची फी-सवलत योजना आहे, अर्ज भरण्याआधी घ्यावी लागते.

अर्ज

ॲमकास मेच्या सुरुवातीला उघडतं, मेच्या शेवटी किंवा जूनच्या सुरुवातीला सादर करता येतं. प्रवेश जसे अर्ज येतील तसे होतात, म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यातला अर्ज आणि ऑगस्टमधला अर्ज यांत गुण सारखे असले तरी नशीब सारखं नसतं. गर्दीत ट्रान्सक्रिप्ट पडताळायलाच चार-सहा आठवडे जातात. दुय्यम निबंध आले की दोन आठवड्यांत परत पाठवा. प्रश्न दरवर्षी बहुतेक तेच असतात, मेमध्येच कच्चे मसुदे लिहून ठेवा.

मुख्य निबंधाला ५३०० अक्षरं, मोकळ्या जागा धरून. यात कमी गुणांची कैफियत मांडू नका. डॉक्टर का व्हायचंय, हे एखाद्या प्रत्यक्ष पाहिलेल्या माणसातून सांगा. गुणांबद्दल तीन वाक्यं पुरतात: काय झालं, मी काय बदललं, त्याचा पुरावा कुठे आहे. माझी तीन वाक्यं साधारण अशी होती. पहिल्या दोन वर्षांत मी पाठांतराने अभ्यास केला आणि मदत मागितली नाही. त्यानंतर मी दर आठवड्याला ऑफिस अवर्सना गेले आणि न पाहिलेली उदाहरणं सोडवायला शिकले. त्यानंतरच्या ३२ क्रेडिटमध्ये माझा जीपीए ३.९ आहे. प्राध्यापक कडक होते, रूममेट त्रासदायक होता, हे खरं असलं तरी लिहू नका. कॉपी किंवा तत्सम कारवाई झाली असेल तर ती मात्र लपवू नका, अर्जात तसा थेट प्रश्न असतो आणि लपवलेलं सापडलं की सगळं संपतं.

शिफारसपत्रं जुन्या कॉलेजच्या नावाजलेल्या प्राध्यापकाकडून नकोत, ज्याने तुम्हाला दुरुस्तीच्या काळात पाहिलंय त्याच्याकडून घ्या. माझं सगळ्यात उपयोगी पत्र एका सायंकालीन वर्गाच्या फिजिऑलॉजीच्या बाईंचं होतं. त्या स्वतः कुठल्या मोठ्या नावाच्या नव्हत्या, पण मी दर मंगळवारी त्यांच्या दारात उभी असायचे हे त्यांनी लिहिलं होतं.

दुसरी दारं

जानेवारीपर्यंत बोलावणं नाही आलं की घरात कॅरिबियन बेटांवरच्या मेडिकल स्कूलांचा विषय निघतो. तिथे वर्षातून दोन-तीनदा प्रवेश होतात, म्हणजे वर्ष वाया जात नाही! तिथून आलेले उत्तम डॉक्टर माझ्यासोबत काम करतात. पण २०२४ मध्ये परदेशी शिकलेल्या अमेरिकन नागरिकांपैकी सुमारे ६७ टक्क्यांनाच मॅचमध्ये जागा मिळाली, आणि हा आकडा मॅचपर्यंत पोचलेल्यांचा आहे. वाटेत नापास होऊन, कर्ज डोक्यावर घेऊन परत आलेले त्यात मोजलेलेच नाहीत. ज्याच्या कमी गुणांचं कारण अजून दुरुस्त झालेलं नाही, तो तिथे पहिल्या वर्षातच अडकतो. कॅरिबियन हा विचार दोन पूर्ण तयारीच्या अर्जांनंतर करायचा.

पुण्या-मुंबईत एनआरआय जागा घेऊन एमबीबीएस? त्यासाठी नीट द्यावी लागते, बारावीचे विषय जुळावे लागतात, आणि साडेपाच वर्षांनी परत आलात की, अमेरिकन नागरिक असाल तर, मॅचमध्ये तुम्ही त्याच ६७ टक्क्यांच्या गटात. भारताच्या नॅशनल मेडिकल कमिशनला २०२३ मध्ये डब्ल्यूएफएमई या जागतिक वैद्यकीय शिक्षण संघटनेची मान्यता मिळाल्यामुळे तिथल्या पदवीवर इथल्या परीक्षा देण्याची वाट खुली आहे, एवढं खरं. पण बाविसाव्या वर्षी इथली पदवी हातात असताना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करणं मला क्वचितच शहाणपणाचं वाटलंय.

दुसऱ्यांदा अर्ज करायचा तर नकार आलेल्या स्कूलांना वसंतात फोन करा किंवा लिहा. सगळ्या नाही, पण काही जण अर्ज कुठे कमी पडला ते सांगतात. मला एका ठिकाणाहून दहा मिनिटांचा फोन मिळाला. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तुमची शेवटची दोन सेमिस्टर चांगली आहेत, पण ती दोनच आहेत." त्या फोननंतर मी तो पुढचा जून तसाच जाऊ दिला, अर्ज न करता. बाबा आठवडाभर बोलले नाहीत. त्या वर्षी इम्युनॉलॉजी, जेनेटिक्स आणि सेल बायॉलॉजी झालं, स्क्राइबचं काम मिळालं, आणि सोळा महिन्यांनी पहिल्या मुलाखतीला जाताना विमानतळावर सोडायला बाबाच आले होते.